कणवाले सर

आमचे सर पुस्तक मागून उघडत. वर्गात आले की आधी पंखा बंद करत, कारण त्याच्या खडखडाटात त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसे. मग पुस्तक टेबलावर पालथं ठेवत आणि शेवटच्या धड्यापासून शिकवायला लागत. भौतिकशास्त्राच्या त्या पुस्तकात शेवटचा धडा मूलकणांचा. अणूच्या आत काय, त्याच्या आत काय, आणि त्याच्याही आत आणखी काही आहे का. खरं तर ते पुस्तक तिसऱ्या वर्षाचं. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. पण सर आमच्या वर्गात तेच घेऊन येत. प्राचार्यांनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "जे दरवर्षी राहून जातं ते आधी उरकतो. पहिला धडा कोणीही शिकवेल."

मी आता स्वतः शहापूरला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे ज्या महिन्यात तास नाहीत त्या महिन्यात मी शिक्षिका नाही. दुपारपर्यंत घसा बसतो, पोरं विचारतात "मॅडम, हे परीक्षेला येणार का", मी म्हणते "येणार", आणि ती लिहून घेतात. अशा वेळी सर आठवले की मला पहिल्यांदा त्यांचा राग येतो. हा माणूस मुरबाडच्या कॉलेजात इतकी वर्षं हे कसं करत होता? बरं, उत्साही म्हणावं तर तेही नाही. सरांचा चेहरा कायम आजाऱ्याला भेटून आल्यासारखा. आवाज बारीक, खांदे पडलेले, शर्टाच्या खिशाला खडूचा पांढरा डाग. दमलेला माणूस दमलेल्या आवाजात सांगायचा की जगातली प्रत्येक गोष्ट मोजक्या कणांची बनलेली आहे, आणि पुढच्या बाकावर कोणीतरी जांभई द्यायचं. सर थांबायचे, जांभई पुरी होऊ द्यायचे आणि मग पुढचं वाक्य बोलायचे.

ते शहापूरचे. रोज एसटीनं किन्हवलीवरून मुरबाडला यायचे आणि परत जायचे. स्टँडवर उभे असले की उजवा तळहात आभाळाकडे करून उभे. ऐन एप्रिलात सुद्धा. नवीन माणूस हमखास फसायचा.

"काका, पाऊस नाय."

"माहीत आहे."

"मग हात कशाला धरलाय?"

"वरून कण येतात. सेकंदाला एखादा तरी या हातातून आरपार जातो."

माणूस त्यांच्या हाताकडे बघायचा, मग आभाळाकडे, आणि मग हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचा. भाजीवाल्या बायकांनी त्यांचं नाव कणवाले सर ठेवलं होतं. कोणी त्यांच्या हातावर शेंगा ठेवायचं, कोणी बोर. सर बोर खाऊन टाकायचे आणि हात पुन्हा तसाच धरायचे. आम्ही पोरं लांबून हसायचो. लपून मी पण एकदा हात तसा धरून बघितला, पण मला काही कळलं नाही.

शिकवताना मात्र त्यांच्या तोंडी कधीकधी अशी उपमा यायची की ती कायमची चिकटायची. न्यूट्रिनो म्हणजे काय, तर आळेफाट्याची गाडी. मुरबाडवरून जाते, पण तुमच्यासाठी थांबत नाही, तिला तुमच्याशी घेणंदेणं नाही. क्वार्क म्हणजे आमच्या वैशाखऱ्याकडच्या बायका. बाजाराला निघाल्या तर तिघी मिळून. एकटी कधी सापडायची नाही, आणि एकीला ओढून बाजूला काढायला गेलात तर तुमचीच दमछाक. मी वैशाखऱ्याची, त्यामुळे सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला. मला राग आला होता. पण प्रोटॉनमध्ये क्वार्क किती हे मला त्यानंतर कधी पाठ करावं लागलं नाही.

सरांची आणखी एक खोड होती आणि तिनंच त्यांचं जास्त नुकसान केलं. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. येत नव्हतं असं नाही, बोलायचेच नाहीत. कोणा पोरानं विचारलं, "सर, माझा पेपर कसा गेला?", तर "वाईट." संस्थेच्या अध्यक्षांनी कार्यक्रमात विचारलं, "माझं भाषण कसं झालं?", तर "लांबलं." माणसं तोंडावर हसायची आणि मागून म्हणायची, विद्वान आहे पण व्यवहार शून्य.

पहिल्यांदा मी कण बघितले ते त्यांच्या पेटीत. माशांची काचेची टाकी उलटी करून त्यांनी ती पेटी बनवली होती. वरच्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, खाली काळा रंग दिलेला पत्रा, आणि पत्र्याखाली कोरडा बर्फ. तो बर्फ ते एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यातून थर्माकोलच्या खोक्यात आणत. एकदा एसटीनं आणत असताना खोक्यातून पांढरा धूर निघायला लागला.

कंडक्टर ओरडला, "सर, पेटलं का काय?"

"पेटलं नाही. गोठलंय."

"मासळी हाय का आत?"

"नाही. हवा आहे."

कंडक्टरनं त्यांना मागच्या बाकावर पाठवलं आणि सरळगावपर्यंत वळूनवळून बघत राहिला.

तर ती पेटी. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना सरांनी चादरी लावल्या, बाजूनं टॉर्च मारला आणि म्हणाले, "बघा. बोलू नका." आधी नुसतं धुकं. माळशेजच्या पायथ्याला असतं तसंच, पण वीतभर. मग त्यात एकदम एक पांढरी रेघ उमटली, केसाएवढी बारीक, आणि विरली. मग दुसरी, तिरपी. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एक सरळ, लांबच लांब. सर म्हणाले, "हा म्युऑन. वरून आला, छपरातून आला, आता खाली जमिनीत गेला."

मी त्या दिवशी घरी जाऊन अंगणात उभी राहिले. आमचं घर, गोठा, पलीकडे भाताची खाचरं, वर नाचणीचा माळ. या सगळ्यावर हे पडतंय, माझ्या आजीच्या अंगातूनही गेलंय, आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही. मला रडू आलं. कशाचं आलं ते तेव्हा कळलं नाही, आताही नीट सांगता येणार नाही. पण मी ठरवलं की मला हेच शिकायचं. आयुष्यात मी स्वतःहून ठरवलेली ती पहिलीच गोष्ट.

ठरवणं सोपं होतं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षानंतर एक विषय निवडायचा असे, फिजिक्स किंवा केमिस्ट्री. मुरबाडच्या आसपास सगळे कारखाने केमिकलचे, त्यामुळे शहाणी माणसं केमिस्ट्री घेत. फिजिक्सचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग दरवर्षी रोडावत चालला होता, आणि त्या साली संस्थेनं सरांना स्पष्ट सांगितलं की यंदा पुरेशी मुलं आली नाहीत तर वर्ग बंद. सरांना घरी बसवणार नव्हते, ते पहिल्या वर्षाला शिकवत राहिले असते. पण त्यांचा शेवटचा धडा गेला असता. आणि माझं सगळंच. कारण वडिलांनी मला मुरबाडपर्यंत सोडलं होतं ते याच बोलीवर की सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. कल्याणला जाऊन शिकायचं नाव काढलं असतं तर जूनमध्येच स्थळं बघायला लागले असते.

पौषात म्हसा गावची जत्रा भरते. त्या दिवसांत कॉलेज उघडं असतं असं म्हणायचं, बाकी बाकांवर धूळ. सगळा तालुका बैलबाजारात आणि घोंगड्यांच्या दुकानांत. सरांच्या डोक्यात आलं की पोरांनी काय घ्यायचं ते बाप ठरवतात, बाप जत्रेत असतात, तर पेटी जत्रेत न्यावी. एका घोंगडीवाल्यानं दुकानाच्या मागची जागा दिली. काळ्या घोंगड्या चारी बाजूंनी लटकवल्या की भर दुपारी आत मिट्ट काळोख. आम्ही तिघं सरांच्या हाताखाली, मी आणि टोकावड्याचे दोघे मुलगे. बाहेर पाटी लावली, "डोळ्यांनी कण पाहा." सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती, त्यामुळे ती कोणाला वाचता येत नव्हती, पण गर्दी झाली. जत्रेत काळोखी खोली दिसली की माणसं आत जातातच.

गर्दी चांगली होती हे मला आवर्जून सांगायचंय. बैल विकायला आलेले बाप्ये आत यायचे, पागोटं सावरून वाकायचे आणि गप्प व्हायचे. सरांनी लग्नातल्या गॅसबत्तीची एक जुनी जाळी मिळवली होती. तिच्यात थोडा किरणोत्सारी धातू असतो, त्यामुळे ती आत ठेवली की तिच्यातून आखूड, जाड रेघा फुटायच्या. एक जण बाहेर येऊन दुसऱ्याला म्हणाला, "बत्तीत काय असतं ते आपल्याला म्हाईतच नव्हतं रे." सर त्या दिवशी हसले. त्यांचा वरचा एक दात थोडा वाकडा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग एक आजी आल्या. बरोबर नातसून, हातात परडी, देवाला जाऊन आलेल्या. त्यांनी पेटीत बराच वेळ बघितलं.

"ह्ये काय हाय, बाबा?"

"कण आहेत, आजी."

"कुठनं येत्यात?"

"वरून."

"वरून म्हंजी?"

"वरूनच. आभाळाच्याही पलीकडून. दिवसरात्र येतात, सगळ्यांच्या अंगातून जातात."

सरांनी जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आजींनी हात जोडले. सर पुढच्या माणसाकडे वळले. तेवढ्यात आजींनी परडीतली उदबत्ती काढली, काडी ओढली आणि पेटी जिथे पत्र्यावर टेकली होती त्या फटीशी खोवली. आमच्याकडे वरून आलेल्याला कोणी नुसतं बघून परत जात नाही. पेटीत स्पिरिट आहे हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

निळी ज्योत नमद्याच्या पट्टीवरून गोल फिरली. आवाज असा काही झालाच नाही. मग काच तडकली आणि मागची घोंगडी पेटली. बायका किंचाळल्या. सरांनी दुसरी घोंगडी ओढून पेटीवर टाकली आणि स्वतः तिच्यावर आडवे पडले. कोणाला काही लागलं नाही. सरांच्या भुवया गेल्या आणि हाताला फोड आले. आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "म्या काय केला रं बाबा, म्या काय केला."

सर जमिनीवर बसूनच म्हणाले, "आजी, तुमचं काही चुकलं नाही. मी वरून म्हणालो. असं म्हटल्यावर तुम्ही दुसरं काय करणार? मी निम्मंच सांगितलं." आणि त्यांनी त्या काळोखात, तडकलेल्या काचेपुढे, आजींना उरलेलं निम्मं सांगितलं. तारे कसे फुटतात, कण कसे निघतात, हवेला धडकून त्यांचे दुसरे कण कसे होतात. आजींना किती कळलं कोण जाणे. पण त्या बसून राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "म्हंजी देव नाय." सर म्हणाले, "ते मला माहीत नाही. हे कण आहेत एवढं माहीत आहे."

जळकी घोंगडी सरांनी घोंगडीवाल्याकडून विकत घेतली आणि थंडीभर तीच पांघरून वर्गात येत राहिले. भुवया नसलेला, घोंगडी घेतलेला माणूस पालथ्या पुस्तकातून क्वार्क शिकवतोय. तालुक्यात बातमी अशी पसरली की फिजिक्स घेतलं की आग लागते. प्राचार्यांनी पेटीवर बंदी घातली. जे चारपाच जण सरांच्या बाजूला झुकले होते तेही केमिस्ट्रीकडे गेले. उरलो आम्ही तिघं.

मग सर घरोघर फिरले. आमच्याकडे आले तेव्हा वडील अंगणात इरल्याच्या कामट्या तासत होते. सर खाटेवर बसले, पाणी प्यायले. आईनं चहा टाकला. वडिलांनी सरळ विचारलं, "सर, ह्या कनांचं शिकून पुढं काय व्हतं?"

मी दाराआडून मनात म्हटलं, सर, एकदाच. एकदाच काहीतरी बरं सांगा.

"काही होत नाही," सर म्हणाले.

"म्हंजी नोकरी?"

"मिळेलच असं नाही. केमिस्ट्री घेतली तर कारखान्यात लवकर मिळेल."

"मंग तुमी हितवर आलात कशाला?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "तिला कळतं म्हणून. दरवर्षी कळणारं कोणी नसतं. यंदा आहे. मला ज्याची खात्री नाही ते मी सांगणार नाही. पण तिला कळतं याची खात्री आहे."

वडील कामटी तासत राहिले. सर गेल्यावर ते आईला म्हणाले, "आपल्या दारात येतो तो कायतरी इकायाच येतो. बियानं इकतो, पालिशी इकतो, नायतर जमीन मागतो. ह्यो बाबा कायच इकायला नाय आला." आणि मला म्हणाले, "शिक गो. पन हितंच. मुरबाडात."

तेव्हा मला वाटलं, झालं, जिंकलं. पण सरांच्या खरेपणाचा हा एकच विजय. टोकावड्याच्या दोघांचे बाप कसेबसे तयार झाले. बाकी ज्या घरी सर गेले त्या घरी त्यांनी हेच सांगितलं आणि त्या बापांनी सरांचं ऐकून पोरांना केमिस्ट्रीला घातलं.

जूनमध्ये आम्ही तिघंच. संस्था म्हणाली, महिनाअखेर वाट बघू, मग ठरवू. कल्याणच्या कॉलेजचे प्रवेश त्याआधी, शनिवारी संपत होते. एक दार नक्की बंद होणार आणि दुसरं उघडेल की नाही ते माहीत नाही, अशी गत. टोकावड्याचे दोघे माझ्याकडे बघत होते, मी सरांकडे. मी सांगून टाकलं की मी थांबणार. सरांना सोडून कल्याणला जाणं मला बेइमानी वाटत होती. आणि मी गेले तर ते दोघंही जाणार हे मला माहीत होतं. शिवाय वडिलांना कल्याणचं काय सांगायचं? थांबून वर्ग सुरू झाला नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की मुलगी घरी, हे आमच्याकडे ठरलेलं. तरी मी थांबणार होते. त्या वयात माणसाला आपण फार मोठे वाटतो.

गुरुवारी सर मला कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटले. भुवया अर्ध्यामुर्ध्या परत आल्या होत्या. म्हणाले, "काल ठरलं. वर्ग बंद."

"पण महिनाअखेर म्हणाले होते ना?"

"ठरलं म्हणतोय ना."

सर कधी आवाज चढवत नसत. तेव्हा चढला. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडत बसायला वेळ नाही, शनिवार परवा आहे." संध्याकाळी ते माझ्याबरोबर वैशाखऱ्याला आले. वडिलांना म्हणाले, "मी तुम्हाला मुरबाड म्हणालो होतो. मुरबाड आता नाही. कल्याणला हिची मावशी आहे म्हणता, तिच्याकडे ठेवा." वडील म्हणाले, "सर, तुमचा सबूद व्हता." सर म्हणाले, "हो. मी मोडला. त्याची शिक्षा तिला नको." वडिलांना एवढा वेळ कोणाच्या तोंडाकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते उठले आणि मावशीला फोन लावायला शेजाऱ्याकडे गेले.

शनिवारी सर स्वतः कल्याणला आले. आम्हा तिघांना घेऊन रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोणाचे वडील?" सर म्हणाले, "कोणाचाच नाही." काम झाल्यावर त्यांनी आम्हाला एकेक वडापाव घेऊन दिला आणि शहापूरची गाडी आली तशी चढून गेले. खिडकीतून हात वगैरे काही नाही.

कल्याणला मी शिकले. मावशीच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्याखाली झोपून शिकले. पुढे एमएस्सी केलं, बीएड केलं. लग्न उशिरा केलं आणि त्यात वडिलांनी आडकाठी केली नाही. आता ही तासिका. मोठं काही झालं नाही, सरांनी आधीच सांगितलं होतं. मात्र इतकी वर्षं मी एक राग मनात धरून होते, की त्या संस्थेनं, त्या अडाणी माणसांनी, सरांचा वर्ग घाईनं बंद केला. कोणी विषय काढला की मी तावातावानं बोलायचे.

गेल्या वर्षी मुरबाड कॉलेजचे जुने हेडक्लार्क आमच्या कॉलेजात आले, नातवाच्या प्रवेशासाठी. मला ओळखलं. मी सवयीनं तोंड सोडलं, तर ते चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, कोन बोललं तुमाला संस्थेनं बंद केला? संस्था तर महिनाअखेर थांबनार व्हती. वरच्या सायबांनी तर तिघांवर चालवा यंदा, असा इचार पन केला व्हता. सरच आले सोमवारी, तुमचे प्रवेश झाल्यावर. म्हनले, पोरं गेली, आता बंद करा."

मी त्या दिवशी पुढचा तास घेतला नाही. पोरांना सांगितलं वाचत बसा.

सर आता निवृत्त आहेत, शहापुरातच राहतात. माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. इतक्या वर्षांत मी त्यांना भेटले ती बाजारात, उभ्या उभ्या, "बरं आहे ना", "हो सर", एवढंच. त्या रविवारी घरी गेले. सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, फार वाळलेले, अंगात स्वेटर. त्यांच्या पत्नीनं पोहे आणले. सरांना आता मोठ्यानं सांगावं लागतं, त्यामुळे जे हळू बोलायचं ठरवून गेले होते ते मला ओरडून म्हणावं लागलं.

"सर, तेव्हा वर्ग बंद झाला नव्हता."

ते पोहे खात होते. खाऊन झाले. "नाही," म्हणाले.

"मग तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो."

"चालला असता कदाचित. तिघांवर."

"कदाचित," सर म्हणाले. "कदाचितवर तुझं वर्ष लावायचं होतं का?"

मला इतकं काही बोलायचं होतं. तुमचा वर्ग होता सर तो, तुमचं सगळं आयुष्य होतं. मी थांबायला तयार होते. तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. समोर रस्त्यावरून भातसानगरची गाडी गेली. सर तिच्याकडे बघत होते.

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "एक विचारायचं राहून गेलं गं," म्हणाले. "इतकी वर्षं मनात होतं. तिकडे तो धडा नीट शिकवला ना? मूलकणांचा? पुरा?"

कल्याणला तो धडा मार्चमध्ये आला होता. मॅडम खुर्चीतून न उठता म्हणाल्या होत्या, हा ऑप्शनला टाका, यावर फार मार्क नसतात. भल्यामोठ्या वर्गानं एका दमात पुस्तकं मिटली. मूलकणांबद्दल मला आजही जे काही येतं ते मुरबाडात ऐकलेलं, एमएस्सीलाही त्यापुढे एक ओळ कोणी शिकवली नाही.

"हो सर," मी मोठ्यानं म्हटलं. "पुरा शिकवला. क्वार्क, लेप्टॉन, सगळं. पंधरा दिवस चालला होता. मॅडम फार छान शिकवायच्या."

सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत मागे टेकले.

"बरं झालं," ते म्हणाले. "मग वर्ग गेला त्याचं काही नाही."